डिसेंबरातली छत्री

नारायण पेठेतले गणिताचे सर डिसेंबरातही छत्री घेऊन फिरत. आकाश निरभ्र, अंगात स्वेटर आणि हातात काळी, लांब दांड्याची, वाकड्या मुठीची छत्री. ओळखीच्या कुणी हटकलं, "काय सर, पाऊस येणार वाटतं?" की सर म्हणत, "हवामान खात्याचा काय भरवसा?" समोरचा हसायचा, सर पुढे निघायचे. दर पावलाला छत्रीचं टोक फरशीवर वाजायचं आणि डाव्या गुडघ्यावर यायचं ते निम्मं वजन छत्रीवर पडायचं.

त्यांच्याकडे व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला ही गंमत पहिल्याच दिवशी कळली. पेठांमधून घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना चालतं ठेवायचं, हे काम ती चौदा वर्षं करतेय. कुठल्याही घरात शिरली की तिची नजर आधी दाराआड जाते. तिथे काठी असते. बहुधा मुलानं अमेरिकेहून पाठवलेली, घडीची, मुठीवरचं प्लास्टिकही न काढलेली. महाबळेश्वरच्या बाजारातून आणलेली नक्षीची काठी दिवाणखान्याच्या भिंतीवर चालते. औषधांच्या दुकानातून आणलेली अ‍ॅल्युमिनियमची काठी मात्र पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते. मराठीत मुलाला कौतुकानं 'म्हातारपणाची काठी' म्हणतात. खऱ्या काठीच्या वाट्याला यातलं काहीही आलेलं नाही.

"सर, पडाल एक दिवस," ती बजावायची.

"पडलो तर उठवायला तू आहेसच की," सर म्हणायचे.

घरी जाऊन ती पेशंटच्या वहीत लिहायची: 'सूचना पाळत नाहीत. हट्टी.' असे हट्टी तिच्या वहीत डझनावारी होते. शनिवार पेठेतल्या एक आजी वॉकर घ्यायचा नाही म्हणून बाहेर जाणंच सोडून बसल्या होत्या. टिळक रस्त्यावरचे एक काका बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालत. लोकांना ते फार गोड वाटायचं. त्या हाताच्या भारानं काकूंचा खांदा कायमचा धरला होता.

काठीचं शास्त्र तसं साधं, पण बहुतेकांना उलटं माहीत असतं. पाय डावा दुखत असेल तर काठी उजव्या हातात हवी. चालताना डावा पाय आणि उजवा हात एकदम पुढे जातात. काठी त्या हातात असली की भार दुखऱ्या बाजूकडून पलीकडे सरकतो. सर छत्री डाव्या हातात धरत, सिनेमातले म्हातारे धरतात तशी. उंची किती? हात सैल सोडून उभं राहिलं की मनगटाची रेघ जिथे येते तिथपर्यंत. आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे काठीच्या बुडाचं रबर. त्याच्या तळाला गोल रेघा असतात, त्या झिजून गुळगुळीत झाल्या की ते ओल्या फरशीवर साबणासारखं सरकतं. तिच्या पिशवीत असली चार रबरं कायम असतात. किरकोळ पैशांत मिळणाऱ्या या वस्तूनं आपल्या व्यायामांपेक्षा जास्त हाडं वाचवली असावीत, अशी तिला शंका आहे.

लोकांच्या चांगुलपणाबद्दलही तिच्याकडे एक तक्रार आहे. लक्ष्मी रस्ता ओलांडणाऱ्या आजी दिसल्या की कुणीतरी धावत येतं आणि त्यांचा हात धरतं. हात नेमका काठीचा. ज्या हातावर सगळा तोल तोच वर उचलला गेला की आजी जागच्या जागी हेलपाटतात, आणि मदत करणाऱ्याला वाटतं, बघा, मी नसतो तर पडल्याच असत्या. ती सगळ्यांना एकच सांगते: त्यांचा दंड तुम्ही धरू नका, तुमचा दंड त्यांना धरू द्या. आणि आधी विचारा. हे 'आधी विचारा' म्हटलं की लोक तिच्याकडे जरा दुखावल्यासारखे बघतात.

वॉकरला मात्र कधीकधी मान मिळतो, हे कामाच्या ओघात तिच्या लक्षात आलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाई वॉकर घेऊन सोसायटीच्या आवारात फिरतात तेव्हा गॅलऱ्यांमधून चौकशी होते, "वॉकर सुटला का?" सहा आठवड्यांची मुदत सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे तो वॉकर म्हणजे बरं होण्याची खूण. त्याच आवारात, तसाच वॉकर घेऊन पार्किन्सन्स झालेले गृहस्थ फिरतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. वस्तू तीच, पण तिला सुटायची तारीख नाही.

सर पडले ते पावसात नव्हे. फेब्रुवारीतल्या एका कोरड्या सकाळी, जिन्याखालच्या नुकत्याच पुसलेल्या शहाबादी फरशीवर पडले. छत्रीला खाली धातूचं टोक असतं, रबर नसतं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन महिन्यांनी घरातल्या घरात वॉकरवर चालू लागले. बाहेर जायचं तर व्हीलचेअर.

खुर्ची घेताना तिनं मोजपट्टी काढली. साधी घडीची व्हीलचेअर बाहेरून बाहेर पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते, आणि सरांच्या न्हाणीघराचं दार होतं चोवीस इंच. दोन इंचांसाठी सरांना दारात उतरून भिंत धरत आत जावं लागणार होतं. शेवटी सुताराला बोलावून चौकट काढली. तिनं मागे मोठी चाकं असलेली खुर्ची निवडायला लावली, स्वतःच्या हातानं चाक फिरवता येईल अशी. दुकानदार मात्र शेवटपर्यंत सरांच्या मुलीलाच सांगत राहिला, "ताई, लहान चाकांची घ्या, ढकलायला हलकी जाते." बसणार होते सर.

जूनमध्ये एक दिवस सरांनी फिजिओथेरपिस्टला वही दाखवली. "बस. तुला एक गणित घालतो."

पानाच्या मधोमध रेघ मारली होती. डावीकडे लिहिलं होतं 'मला', उजवीकडे 'हिला'. खाली चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी, अशा जुड्या. भाचीच्या मुलाची मुंज होती, मंगल कार्यालयात दोन तास काढले होते. मुलगी खुर्ची ढकलत होती. तेवढ्या वेळात सरांबद्दल कुणी काय विचारलं, त्याची ही नोंद. हिला एकोणीस. मला चार.

"आणि चारांतले तीन प्रश्न," सर म्हणाले, "'ओळखलं का मला?'"

"चौथा?"

"'जेवलात का?'"

एकोणीस प्रश्नही त्यांनी थोडक्यात टिपून ठेवले होते. बाबांना गोड चालतं का. रात्री झोप लागते का त्यांना. किती दिवस आहे असं. ऐकू येतं ना. नमस्काराला मात्र सगळे वाकले. फूटरेस्टवरच्या पायांना हात लावून झाला की उभे राहायचे आणि सरांच्या डोक्यावरून मुलीशी बोलायला लागायचे. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर असते. कार्यालयातल्या गर्दीत त्या उंचीवर दिसतात ती लोकांची पोटं, पर्सा आणि हातातल्या आहेराच्या पिशव्या.

ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओवर १९७७ ते १९९८ या काळात अपंगांसाठी एक कार्यक्रम चालायचा, त्याचं नावच होतं 'डझ ही टेक शुगर?' म्हणजे, हे चहात साखर घेतात का? विचारायचं अर्थातच सोबतच्या माणसाला. एकवीस वर्षं हे नाव टिकलं, यावरून आजार किती दूरवर पसरलेला आहे ते कळतं. आपल्याकडे साखरेच्या जागी मधुमेहाची चौकशी असते, एवढाच फरक.

फिजिओथेरपिस्टनं ती वही बराच वेळ हातात धरली. मग घरी जाऊन स्वतःची जुनी वही उघडली आणि 'हट्टी' हा शब्द किती पानांवर आहे ते पाहिलं. या माणसांना चाकं किंवा काठी नको होती, कारण ती आल्यावर लोक कसे वागतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. आपल्या आईशी लोक कसे बोलत, सासऱ्यांच्या डोक्यावरून आपण स्वतः कसे बोललो, हे सगळं त्यांना आठवत होतं. ते हट्ट करत नव्हते, हिशेब करत होते. पडण्याची शक्यता एका पारड्यात, अदृश्य होण्याची खात्री दुसऱ्यात. सरांनी छत्री निवडली ती या हिशेबानं, आणि हिशेब चुकलेला नव्हता.

त्या वर्षीचा, २०२४ चा नोव्हेंबर सरांनी फार मनावर घेतला. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना या महिन्यात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. 'जीवन प्रमाण' ही ऑनलाइन सोय २०१४ पासून आहे, आता मोबाइलसमोर चेहरा धरूनही काम होतं. मुलीनं तसं सुचवलं. सर म्हणाले, "मी हयात आहे हे मी मोबाइलला कशाला सांगू? बँकेत जाऊन सांगतो."

शाखेच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. सुरक्षारक्षक आणि एक रिक्षावाला, दोघांनी सरांसकट खुर्ची उचलली. आत काउंटरची कड सरांच्या हनुवटीला आली. पलीकडच्या कर्मचाऱ्यानं यादी काढली, मुलीकडे बघून विचारलं, "सही येते का त्यांना?" आणि उत्तराची वाट न बघता शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठाच घ्या, लवकर होईल."

छत्तीस वर्षं दहावीला गणित शिकवलेल्या माणसाचा अंगठा. सरांनी खिशातलं पेन काढलं, यादी मांडीवर मागून घेतली आणि मराठीत, पूर्ण नावानं, ठळक सही केली. तारीखही घातली. कर्मचारी माणूस वाईट नव्हता. ओशाळला, चहा मागवला. चहा आला तेव्हा त्यानं मुलीला विचारलं, "बिनसाखरेचा ना?"

हयात असल्याचा पुरावा द्यायला गेलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही, ही गोष्ट सर नंतर प्रत्येक पाहुण्याला सांगत.

कायदा खरं तर सरांच्या बाजूचा होता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात 'सार्वजनिक इमारत' म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोक जिथे कामासाठी येतात अशी खासगी इमारतही त्यात येते. असलेल्या इमारती सुगम करायला नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. आणि सर बँकेत गेले त्याच नोव्हेंबरात, ८ तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं की, या नियमांतल्या पंधराव्या नियमानं बंधनकारक निकषांना नुसत्या शिफारशींसारखं करून टाकलं आहे, ते कायद्याला धरून नाही.

पण सरांना 'दिव्यांग' म्हटलेलं चालत नाही. "दिव्य काय आहे माझ्यात? गुडघे?" अपंगही नको. "मी म्हातारा आहे. म्हातारा हा चांगला शब्द आहे." अशी माणसं फार. ती प्रमाणपत्र काढत नाहीत, डब्यातली राखीव जागा मागत नाहीत, आणि म्हणून कुणाच्या मोजणीतही येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटींवर होती. त्यातल्या किती जणांच्या दाराआड काठी उभी आहे, हे ठरवायचं तर घरोघर जाऊन दारं सरकवावी लागतील.

सोसायटीच्या बैठकीची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. इमारतीला लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला चार पायऱ्या. पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा एक अरुंद उतार होता, स्कूटर वर चढवण्यासाठी केलेला. स्कूटरची अडचण सोसायटीला केव्हाच कळली होती. सरांनी फळ्यावर मांडावं तसं मांडलं: सहा इंचांच्या चार पायऱ्या म्हणजे दोन फूट उंची, सध्याचा उतार पाच फूट लांब, म्हणजे चढ सुमारे बावीस अंशांचा. व्हीलचेअरला एकास बारा हे प्रमाण लागतं, दोन फुटांना चोवीस फूट, मग चढ पाच अंशांच्या आत येतो. चोवीस फूट म्हणजे चार दुचाकींची जागा जाणार. "एका माणसासाठी?" असं कुणीतरी म्हणालं. ते म्हणणारेही एकाहत्तर वर्षांचे होते आणि कठड्याला धरून पायऱ्या चढत असत. उतार अजून झालेला नाही. लाकडी फळ्यांचा एक तात्पुरता जुगाड आहे.

फिजिओथेरपिस्टच्या कामाचा दुसरा भाग पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत आहे, आठवड्यातून एक दिवस, पैसे न घेता. तिथे एका मावशींना शिबिरात व्हीलचेअर मिळाली होती. २०१७ पासून केंद्राची 'राष्ट्रीय वयोश्री योजना' आहे, गरीब वृद्धांना काठ्या, वॉकर, चष्मे, कवळ्या, व्हीलचेअर फुकट मिळतात, चांगली योजना. पण मावशींची गल्ली तीन फुटांची आणि मधे मधे पायऱ्या. खुर्ची घडी करून पत्र्याच्या दाराआड ठेवलेली, तिच्यावर गोधड्या. मावशी बाहेर पडतात त्या लाल प्लास्टिकची एक खुर्ची पुढे सरकवत. दोन्ही हातांनी खुर्ची पकडायची, वीतभर पुढे टाकायची, दोन पावलं. दमलं की तीच खुर्ची वळवून तिच्यावर बसायचं, आणि जिथे बसतील तिथे गप्पा. गटार आलं की कुणीतरी खुर्ची पलीकडे ठेवतं, कुणीतरी मावशींना. बोलणं मधे तुटतसुद्धा नाही.

तिला हे फार आवडलं होतं, मैत्रिणीला कौतुकानं सांगितलंही. मग एकदा त्याच गल्लीत मावशींच्या सुनेला शेजारीण म्हणताना ऐकलं, "कशाला फिरू देता त्यांना? आता बसायचं वय." तेव्हा कौतुक जरा आवरतं घेतलं.

'बसायचं वय', 'आरामाचं वय', 'कशाला त्रास घेता', 'आम्ही आहोत ना'. प्रेमानंच बोललं जातं सगळं, म्हणून उत्तर देता येत नाही.

आणि याच्या उलट टोकाचा एक संशय असतो. खुर्चीतला माणूस उठून उभा राहिला की लोक चपापतात. एकदा सर बागेत खुर्चीतून उठले, बाकापर्यंत चार पावलं चालले, तर मागून आवाज आला, "अहो, चालतात की हे!" विमानतळांवर तर हा संशय उघड बोलला जातो. मुलांकडे परदेशी निघालेले आई-वडील व्हीलचेअर मागतात आणि रांगेतले लोक त्यांच्या पायांकडे बघतात. गरज नसताना खुर्ची मागणारे असतात, हे खरं आहे. काहींना तर चालायची अडचण नसते, इंग्रजी पाट्यांची असते. ढकलणारा सोबत असला की चुकायची भीती नाही. पण स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत चालणं आणि एक किलोमीटरचा विमानतळ चालणं यांतला फरक पायांकडे बघून कळत नाही. फिजिओथेरपिस्टलाही कळत नाही. तिला त्यासाठी घड्याळ लावून, अंतर मोजून सहा मिनिटं चालवून बघावं लागतं.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. पंचाऐंशी वर्षांपुढच्यांना आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांना घरून मत देता येत होतं. सरांना एकोणऐंशी, प्रमाणपत्र नाही, म्हणजे केंद्रावरच जाणं आलं. सर खूश. केंद्र शाळेत होतं, दाराशी लाकडी उतार टाकलेला, मदतीला शाळकरी मुलं. एका मुलानं खुर्चीची मूठ धरायच्या आधी पुढे येऊन विचारलं, "आजोबा, मी ढकलू का?" सरांनी त्याला इयत्ता विचारली. आठवी. मग बीजगणित कसं चाललंय ते विचारलं. रांग त्यांना पुढे जाऊ देत होती आणि सर जात नव्हते, कारण मुलाचं उत्तर चुकलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मंडईला जायचं ठरलं. फिजिओथेरपिस्ट सोबत होती. पदपथाच्या कडेवरून खुर्ची कशी उतरवायची ते मुलीला दाखवायचं होतं. खुर्ची उलटी फिरवायची, मोठी चाकं आधी खाली घ्यायची, माणसाची पाठ उताराकडे. दुचाकी चढू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले होते; त्यांच्यामधून खुर्ची जाईना, मग रस्त्याच्या कडेनं, रिक्षा आणि टेम्पो चुकवत. छत्री खुर्चीच्या मुठीला अडकवलेली. आता तिचं काम काय, हे कुणी विचारलं नाही.

मंडईच्या बाहेर जमिनीवर पोतं पसरून एक बाई वांगी घेऊन बसली होती. सरांनी खुर्ची थांबवली. बाईनं मान वर केली, फार करावी लागली नाही.

"भरताची का भाजीची, बाबा?"

"भाजीची. काटेरी आहेत का?"

"ही बघा की. बोट टोचून बघा."

सर पुढे वाकले. एकेक वांगं उचलून देठ तपासलं, दोन परत टाकली. भावावरून दोन वाक्यं झाली. बाईनं तोललं, पिशवी सरांच्या मांडीवर ठेवली आणि हात पसरला. मुलीनं सवयीनं पर्स उघडली. सरांनी मागे हात करून छत्री काढली, तिच्या वाकड्या मुठीनं मुलीचं मनगट अडवलं आणि स्वतःच्या खिशात सुट्टे शोधायला लागले.